प्रयोगशाळेतील तपस्विनी : डॉ. कमलाबाई सोहोनी

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. आम्ही ज्यांची निवड केली त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत, आपल्या जिल्ह्याच्याही नव्हेत. तेव्हा त्यांचे चरित्र येथे कशासाठी, असा प्रश्न काही बांधवांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस आपोआप मिळेल अशी आशा आहे. तूर्त एवढेच सांगतो की, विद्येला ज्ञात नसते, आणि गुणिजनांचे स्मरण करताना आपपर भाव ठेवू नये, असे आमच्या गुरुजनांनी आम्हांस शिकविले.

आम्ही आपल्या धाराशिव जिल्ह्यातील शाळांतून सारी हयात शिकविण्यात घालविली. प्राथमिक शाळेत प्रयोगशाळा म्हणजे काय, तर एक लाकडी कपाट, चार परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि आयोडीनची बाटली. तेवढ्यावर एक प्रयोग मात्र हमखास होत असे. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की ती निळी-काळी पडते. मुले टाळ्या पिटतात. ज्वारीच्या पिठावर टाका, तांदळाच्या पेजेत टाका, तोच रंग येतो. तो पिष्टाचा रंग होय. प्रथिनांची कसोटी निराळी. दुधात किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकात कॉस्टिक सोड्याचे पाणी घालून मोरचुदाच्या विरल द्रावणाचे काही थेंब सोडले की जांभळा रंग येतो. स्निग्ध पदार्थाची परीक्षा तर त्याहून सोपी. शेंगदाणा कागदावर घासला की तेलकट, अर्धपारदर्शक डाग उरतो.

अशाच साध्या कसोट्यांपासून आरंभ करून अन्नातील प्रथिनांचा शोध घेण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. एकाच घरातील एका बहिणीने साहित्य व लोकसंस्कृती यांचा अभ्यास करावा, १९७५ साली कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवावे, आणि दुसरीने रसायनशास्त्रात नाव काढावे, हा योग विरळाच. परंतु त्यामागे घरचे संस्कार होते. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोर येथे टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेत दोघांचेही शिक्षण झाले होते. ज्या घरात वडीलधारी माणसे रसायनांच्या गोष्टी बोलतात, त्या घरातील मुलीस आपणही त्याच संस्थेत जावे असे वाटल्यास नवल ते काय?

कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा १९३३ साली दिली. रसायनशास्त्र हा मुख्य विषय व पदार्थविज्ञान हा दुय्यम. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव अग्रस्थानी झळकले. आता बंगलोरला जाऊन संशोधन करावयाचे, हे त्यांच्या मनाने केव्हाच घेतले होते. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळविलेले, साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान वाटावा असे ते शास्त्रज्ञ. त्यांच्याकडे कमलाबाईंनी अर्ज केला, आणि तो नामंजूर होऊन परत आला. गुण कमी पडले म्हणून नव्हे. अर्ज करणारी व्यक्ती स्त्री आहे, एवढेच त्याचे कारण होते.

येथे आपण क्षणभर थांबून विचार करावा. बावीस वर्षांच्या मुलीपुढे त्या वेळी कोणते मार्ग होते? निमूटपणे घरी बसावे, अथवा एखाद्या शाळेत नोकरी धरावी. कमलाबाईंनी यांपैकी काहीच केले नाही. त्या थेट बंगलोरला गेल्या. नकारामागचे कारण त्यांनी संचालकांना समक्ष विचारले, आणि ते न पटल्यामुळे संचालकांच्या कचेरीसमोर सत्याग्रह आरंभिला. तो काळच सत्याग्रहाचा होता. तथापि परकीय सरकारविरुद्ध सत्याग्रह करणे निराळे आणि स्वदेशातील आदरणीय विद्वानासमोर तो करणे निराळे. दुसऱ्यास अधिक धैर्य लागते, असे आम्हांस वाटते.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही. कामाविषयी खात्री पटली तरच ते मान्य होईल. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि आपल्या उपस्थितीने संस्थेतील वातावरण बिघडू देता कामा नये! ही तिसरी अट वाचून आजच्या मुलींना संताप येईल. कमलाबाईंनाही तो आलाच होता. हा आपला व समस्त स्त्रीजातीचा अपमान आहे, ही सल त्यांनी जन्मभर जपली आणि उतारवयातही ती उघडपणे बोलून दाखविली. परंतु त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकले. रामन यांच्या थोरवीला यामुळे बाध येतो असे आम्ही म्हणत नाही. पण थोर माणसाचीही एखादी समजूत चुकीची असू शकते, आणि ती चूक तशीच झाकून ठेवणे म्हणजे थोरवीचा आदर नव्हे.

बंगलोरला त्यांना श्री. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीला कडक, पण विद्यार्थ्याला मनापासून शिकविणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. विषयाची निवड किती समर्पक होती पाहा! आपल्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटात प्रथिने येतात ती डाळींतून आणि दुधातून. आपल्या धाराशिव जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. तूर, हरभरा, उडीद ही येथील शिवारातील नेहमीची पिके. १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. भाकरी, वरण आणि वाटीभर ताक एवढ्या आहारावर येथील कष्टकरी माणसाचे अंग उभे राहते, ते या प्रथिनांच्या बळावर.

एखाद्या पदार्थात प्रथिने आहेत की नाहीत, हे मोरचुदाच्या जांभळ्या रंगावरून कळते हे खरे. पण किती आहेत, कोणत्या प्रकारची आहेत आणि ती पचतात किती, हे कळण्यास अधिक खटाटोप करावा लागतो. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली एक पद्धती शोधून काढली. धान्याचा नमुना तीव्र गंधकाम्लात उकळावयाचा, त्यातील नत्राचे रूपांतर अमोनियात करून तो ऊर्ध्वपातनाने वेगळा काढावयाचा आणि मोजावयाचा. प्रथिनांत साधारणतः १६ टक्के नत्र असतो, म्हणून नत्राच्या वजनास ६.२५ ने गुणले की प्रथिनांचे वजन येते. आमच्या पिढीतील शिक्षकांस हे त्रैराशिक चटकन समजेल. मात्र या कसोटीस एक मर्यादा आहे. ती नत्र मोजते, प्रत्यक्ष प्रथिन नव्हे. याच मर्यादेचा गैरफायदा घेऊन चीनमध्ये काही लोकांनी दुधात मेलामाइन नावाचे नत्रयुक्त रसायन मिसळले, आणि २००८ साली ते दूध पिऊन हजारो बालके आजारी पडली. कसोटी कोणतीही असो, ती नेमके काय मोजते हे परीक्षकास ठाऊक असावेच लागते. माणसांची पारख करणाऱ्यांसही हा नियम लागू आहे.

एक वर्ष सरले. कमलाबाईंचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित संशोधनाची अनुज्ञा मिळाली. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यानंतर त्या संस्थेने स्त्रियांसाठी आपले दार उघडले. एका मुलीने वर्षभर परीक्षा दिली. पुढे येणाऱ्या कित्येकींना ती द्यावी लागली नाही.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. हॉपकिन्स यांची एक हकीकत शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ॲसेटिक आम्ल व गंधकाम्ल वापरून प्रथिनांची एक रंगकसोटी त्या काळी विद्यार्थ्यांकडून करवून घेत. एकदा वर्गात ती उतरेना. दुसऱ्या कोणी विद्यार्थ्यास दोष देऊन विषय संपविला असता. हॉपकिन्स यांनी कारण शोधले. तेव्हा कळले की, रंग येतो तो ॲसेटिक आम्लात अल्पांशाने असलेल्या दुसऱ्याच एका आम्लामुळे, आणि वर्गातील आम्ल अधिक शुद्ध असल्यामुळे त्यात ते नव्हते. या धाग्यावरून पुढे जात त्यांनी व त्यांचे सहकारी कोल यांनी १९०१ साली प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल वेगळे काढले. वर्गात फसलेल्या प्रयोगातून एवढा मोठा शोध लागला!

अशा गुरूच्या विभागात कमलाबाईंस डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपल्या प्रयोगशाळेत काम करण्यास जागा दिली. नंतर त्यांनी डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. यासाठी त्यांनी घेतला तो आपला नेहमीचा बटाटा. आम्ही शाळेत ज्या बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकून पिष्ट दाखवीत होतो, त्याच बटाट्याच्या पेशी श्वसन कशा करतात, हे त्यांनी तपासले. प्राणी व यीस्ट यांच्या पेशींत सायटोक्रोम नावाची रंगीत प्रथिने असतात, आणि वर्णपटदर्शकातून पाहिले असता त्यांचे काळे पट्टे दिसतात, हे केंब्रिजमध्येच केलिन यांनी १९२५ साली प्रसिद्ध केले होते. वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेतही सायटोक्रोम-सी याचा वाटा असतो, हे कमलाबाईंच्या कामाने पुढे आले. म्हणजे बैल, माणूस आणि बटाटा या तिघांच्या पेशींत प्राणवायूचा उपयोग करण्याची रीत मुळात एकाच कुळातील! आपल्या संतांनी चराचरातील ऐक्य अंतर्दृष्टीने पाहिले. प्रयोगशाळेने त्याचा एक अंश परीक्षानळीत दाखविला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या विषयावर कमलाबाईंनी लिहिलेला प्रबंध अवघा ४० पानांचा होता. केंब्रिजला पोचल्यापासून १४ महिन्यांत काम पुरे झाले आणि १९३९ साली त्यांस पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ सालीच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल. दोघींपैकी पहिली कोण हा वाद आम्हांस महत्त्वाचा वाटत नाही. पानांच्या संख्येवर विद्वत्ता मोजणाऱ्यांनी मात्र त्या ४० पानांची आठवण ठेवावी.

परदेशात राहिल्या असत्या तर मोठ्या प्रयोगशाळा त्यांना मोकळ्या होत्या. पण १९३९ सालीच त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषणविषयक संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक संचालिका म्हणून काम केले. १९४७ साली विमागणितज्ञ असलेल्या श्री. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू होत होता. तेथे त्या प्राध्यापिका झाल्या. येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंड गेला.

त्या काळातील त्यांच्या कामापैकी एकाची माहिती आपल्या भगिनींनी अवश्य करून घ्यावी. डाळी व शेंगवर्गीय दाणे यांत भरपूर प्रथिने असतात, पण त्यांतील काही दाण्यांत त्या प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्यही असते. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांचे तुकडे करते. हे द्रव्य त्या ट्रिप्सिनलाच बांधून टाकते. कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील अशा द्रव्यांचा पद्धतशीर शोध घेतला, आणि १९५५ साली वाल व डबल बी यांतून ती स्फटिकरूपात वेगळी काढल्याचे प्रसिद्ध केले. हे अडथळा आणणारे द्रव्यही एक प्रथिनच आहे, आणि चांगली उष्णता लागली की त्याचा जोर बहुतांशी नाहीसा होतो. आपल्या आज्या वाल भिजत घालीत, मोड आणीत आणि मऊ होईतो शिजवीत. त्यांस ट्रिप्सिनचे नाव ठाऊक नव्हते, पण कच्चा दाणा पोटास बाधतो हे अनुभवाने ठाऊक होते. आता आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा फार वाढला आहे. सोयाबीनच्या कच्च्या दाण्यांतही हेच द्रव्य पुष्कळ असते. म्हणून ते कच्चे खाऊ नये, नीट शिजवून अथवा भाजूनच खावे.

दुसरे काम नीरेचे. शिंदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताडीचे दुकान येते. परंतु सूर्योदयापूर्वी उतरविलेला, न आंबलेला ताजा रस म्हणजे नीरा, हे निराळे पेय आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे परीक्षण हाती घेतले. तीत जीवनसत्त्वे व लोह असून, नीरेपासून केलेल्या गुळातही त्यांचा अंश टिकतो, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेची भर घातल्याने त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे त्यांनी दाखविले. या कार्यासाठी त्यांस राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला. मुंबईच्या आरे दूध योजनेसही त्यांनी दुधाची प्रत सुधारण्याच्या कामी सल्ला दिला.

एवढे कर्तृत्व असूनही त्यांच्या वाटेतील काटे सरले नव्हते. विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यावयाचे, ते अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे लांबले. १९३३ साली दार अडविले गेले होते ते उघडपणे. या वेळी ते आडून अडविले गेले. दोन्ही वेळा त्या दारात उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा आत गेल्या. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदी एका स्त्रीने बसावे, हा त्या काळी अपूर्व योग होता.

निवृत्तीनंतर पुष्कळ माणसे आरामखुर्ची जवळ करतात. कमलाबाईंनी परीक्षानळी घरोघरी नेली. मुंबईत १९६६ साली काही भगिनींनी मिळून ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली होती. तिच्या कार्यात त्या उत्साहाने सहभागी झाल्या. १९८२-८३ साठी त्यांची अध्यक्षपदी निवड झाली, आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. अन्नातील भेसळ ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी मोठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. आपल्या भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या खव्याची ख्याती दूरवर आहे. कोठूनही आणलेला खवा शुद्ध आहे की त्यात पीठ मिसळले आहे, याची शंका आली तर काय करावे? चिमूटभर खवा पाण्यात उकळावा, गार होऊ द्यावा आणि आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आला तर त्यात पिष्ट आहे. सातवीतील मुलीने शाळेत केलेला हाच प्रयोग तिच्या घराच्या उपयोगी पडतो.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्यांस भोवळ आली, आणि थोड्याच काळात, २८ जून १९९८ रोजी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. ज्या विद्येसाठी एके काळी दाराबाहेर बसावे लागले, त्या विद्येच्या मानाच्या आसनावर असताना त्यांस बोलावणे आले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. हे चरित्र येथे का? याचे उत्तर देताना आम्हांस आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगी होती. आयोडीनचा प्रयोग झाल्यावर बाकीची मुले टाळ्या पिटून घरी गेली. ती थांबली आणि तिने विचारले की, उकळत्या पेजेत आयोडीन टाकले तर रंग का येत नाही, आणि पेज निवल्यावर तो का येतो? आम्हांस उत्तर आले नाही. पुढे पुस्तके चाळून ते शोधावे लागले. पिष्टाच्या रेणूंच्या मळसूत्री वळणांत आयोडीन अडकतो तेव्हा रंग येतो. उष्णतेने ती पकड सुटते. ते उत्तर घेऊन आम्ही वर्गात गेलो तोवर सत्र संपले होते. पुढल्या वर्षी तिचे नाव पटावरून कमी झाले. तिचे लग्न ठरल्याचे कळले. तिचे वडील आमच्या परिचयाचे होते. चार शब्द बोललो असतो तर त्यांनी ते कदाचित ऐकले असते. परक्याच्या घरच्या गोष्टीत कशास पडा, असे म्हणून आम्ही गप्प बसलो. रामन यांनी एका मुलीस नकार दिला, त्याची चर्चा आजवर होते; आमच्यासारख्यांच्या मौनाने किती मुलींना नकार मिळाला, त्याची नोंद कोणत्याही पुस्तकात नाही.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, नारळ व प्रशस्तिपत्र देते. ते योग्यच आहे. त्यासोबत आमची एक नम्र सूचना आहे. दहावीनंतर विज्ञान शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या दोन वर्षांच्या शुल्काचा व प्रवासखर्चाचा भार मंडळाने उचलावा. गावापासून महाविद्यालय दूर, एसटीचा खर्च, संध्याकाळची वेळ, अशी कारणे पालक सांगतात. ती खोटी नसतात. पण समाज पाठीशी उभा राहिला तर ती दूर होण्यासारखी असतात. आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति आरंभीची रक्कम या लेखाबरोबर मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे देत आहोत. समाजबांधवांनी तीत भर घालावी.

नारायणराव भागवतांनी आपल्या मुलीच्या हाती परीक्षानळी दिली, म्हणून देशास कमलाबाई मिळाल्या. आयोडीनचा थेंब टाकणारा हात मुलाचा की मुलीचा, श्रीमंताचा की गरिबाचा, या ज्ञातीचा की त्या, हे बटाटा विचारीत नाही. तो निळा होतो, बस्स. निसर्गाने जो भेद ठेवला नाही तो आपण ठेवू नये, एवढीच या चरित्राची शिकवण आहे. कमलाबाईंच्या पवित्र स्मृतीस वंदन करून, आणि उत्तरासाठी थांबून राहिलेल्या आमच्या त्या विद्यार्थिनीची क्षमा मागून, आम्ही आमची लेखणी आवरती घेतो. इत्यलम्.